सिंहल लोकसंगीतावर ताण हलका करणारं ॲप बांधायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोलंबोतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी ताण हलका करणारं मोबाइल ॲप करायचं आहे, आणि त्याच कल्पनेवर कॅम्पसमध्ये एक छोटी खोलीही उभी करायची आहे. संगीत पारंपरिक सिंहलच हवं. बोटावर लावायचा हृदयगतीचा सेन्सर हाताशी आहे. तर कुठलं संगीत निवडावं, ते सेन्सरला कसं जोडावं आणि उपयोग होतो की नाही हे कसं तपासावं?

उत्तराचा गाभा आधी सांगतो. संगीत हृदयगतीला जोडू नका, श्वासाला जोडा. आणि सिंहल संगीतातून नुसते वाद्यांचे आवाज उचलण्यापेक्षा त्याची मात्रांची मोजणी आणि गाण्याच्या ओळीची लांबी उचला. आवाज उचलून खाली सिंथेसायझरचा संथ पडदा टाकला की कुठल्याही स्पामध्ये वाजणारी ध्वनिफीत तयार होते. सिंहल माणसाला त्यात आपलं काही सापडत नाही आणि श्वासावरही परिणाम होत नाही.

काय घेऊ नये, हे आधी ठरवा

श्रीलंकेत पारंपरिक ढोलवादन बहुधा कुठल्या तरी प्रसंगाला बांधलेलं आहे. मगुल बेर मंगल प्रसंगी वाजतं, मल बेर अंत्यविधीला. बाहेरच्या माणसाला मल बेर संथ, गंभीर, 'ध्यानासाठी छान' वाटू शकतं, आणि नेमकं तेच ॲपच्या पहिल्या पडद्यावर जाऊन बसतं. गावाकडून आलेल्या विद्यार्थ्याला ते ऐकताच मयताचं घर आठवेल. वेस्संतर जातक या बुद्धाच्या पूर्वजन्मकथेवरच्या कवनांचंही तसंच. चाल शांत आहे, पण ती मयताच्या घरी रात्र जागवताना म्हणायची प्रथा आहे. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक तुकड्यापुढे दोन रकाने ठेवा: हे कोण वाजवतं आणि कधी वाजवतं. दुसरा रकाना कोरा असेल तर तो तुकडा वापरू नका.

पिरित म्हणजे भिक्खूंचं परित्त पठण. श्रीलंकेतल्या बौद्ध घरांत ते मन शांत करण्यासाठीच ऐकलं जातं, त्यामुळे मोह होणारच. तरीही ते परस्परसंवादी रचनेत घालू नका. वापरकर्त्याच्या श्वासानुसार सुत्ताचे, म्हणजे बुद्धवचनाचे, शब्द लांबवणं, मध्येच थांबवणं, मागेपुढे करणं हा पठणाचा भंग आहे, आणि लोक तो अपमान मानतील. पिरित हवंच असेल तर ते न तोडता, न बदलता, पूर्ण वाजू द्या.

दक्षिणेकडच्या गाल्ल-मातर भागातले तोविल विधी शांतिकर्मात, म्हणजे आजार-अरिष्ट शमवण्याच्या विधींतच मोडतात, त्यामुळे त्यातलं यक् बेरय या ढोलाचं वादनही ओढ लावतं. पण तोविल रात्रभर चालतं. आजारी माणसाभोवती घरचे लोक, शेजारी, मुखवटे, थट्टामस्करी असं सगळं असतं आणि वादनाची गती चढत चढत शिगेला जाते. त्या चढातले दीड मिनिट कापून एकट्या माणसाच्या कानात वाजवलं तर छातीत धडधड वाढेल.

होरणॅव हे दुहेरी पातीचं, सनईच्या कुळातलं वाद्य. देवळातल्या हेविसी वादनात दवुल आणि तम्मॅट्टम या ढोलांच्या गजरावर मात करून दूरवर पोहोचावं म्हणून त्याचा नाद इतका भेदक आहे. मानवी कानाला सर्वात टोचणारा २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा त्यात ठासून भरलेला असतो. इयरफोनमध्ये ते नको. शिवाय हेविसी हा सिंहल-बौद्ध देवळाचा नाद आहे. कोलंबोच्या वर्गात तमिळ, मुस्लिम, ख्रिस्ती विद्यार्थीही असतात. धार्मिक नाद सगळ्यांना सारखाच आपलासा वाटेल असं गृहीत धरू नका, ऐच्छिक ठेवा.

उरतं काय? पुष्कळ उरतं. शेतावरची गोयम् कवी, रात्री पिकाची राखण करताना मचाणावर म्हटली जाणारी पॅल् कवी, तराफ्यावरची पारु कवी, बैलगाडीवाल्यांची करत्त कवी, नेळविली म्हणजे अंगाई, एप्रिलमधल्या नववर्षाच्या झोपाळ्यावरची ओंचिली वारम्, आणि रबान या एकतोंडी चपट्या ढोलाचे बोल. उडरट म्हणजे कँडीकडच्या १८ वन्नमांपैकी, म्हणजे नृत्यासोबतच्या वर्णनगीतांपैकी, हत्तीच्या चालीचं गजग वन्नम संथ आहे, ते चालेल. घोड्याचं तुरंग वन्नम या कामाचं नाही. ग्रॅफाइटच्या खाणीतली पतल् कवी सुरात फार सुंदर आहेत, पण त्यांत खाणीतल्या मरणाची भीती आहे आणि सिंहल ऐकणारा शब्द ऐकणारच. निवड चालीवरून करू नका, शब्द वाचून करा.

२+३: मोजणी तयारच आहे

मिनिटाला सुमारे ६ श्वास या गतीला श्वास आणि हृदयगतीची लय जुळते. माणसागणिक हा आकडा साधारण साडेचार ते साडेसहाच्या मध्ये पडतो. या गतीला हृदयगतीतला चढउतार सर्वाधिक होतो आणि बहुतेकांना आतून सैलावल्यासारखं वाटतं. २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डी यांच्या गटाने दाखवलं की लॅटिनमधली जपमाळ आणि 'ओम् मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप याच गतीवर येतो. म्हणजे ठरावीक लांबीची ओळ म्हणणं हेच इथे काम करतं.

आता उडरट तालपद्धती पाहा. तिथे ताल 'तित' या एककात मोजतात. सुळु तित २ मात्रांचा, मॅदुम् तित ३ मात्रांचा, महा तित ४ मात्रांचा. त्यांच्या जोड्या म्हणजे देतित. सुळु मॅदुम् देतित म्हणजे २+३. श्वास आत २ भाग आणि बाहेर ३ भाग घ्या, एक भाग २ सेकंदांचा धरा, की ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, एकूण १० सेकंद. मिनिटाला बरोबर ६ श्वास. बाहेरून कुठली कसरत न लादता, याच परंपरेतल्या तालावर श्वास बसतो. ज्यांना सोडता श्वास फार लांबवणं जड जातं त्यांच्यासाठी मॅदुम् महा देतित, म्हणजे ३+४, ठेवा. त्यात दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात.

इथे एक अडचण हमखास येते. दोन ठोक्यांमध्ये २ सेकंदांचं अंतर पडलं की कानाला तो ताल वाटेनासा होतो, सुटे सुटे आवाज ऐकू येतात आणि माणूस पुढच्या ठोक्याची वाट पाहत ताणला जातो. म्हणून प्रत्येक मात्रेत आणखी एक हलका ठोका भरा. १० सेकंदांत १० ठोके: ४ आत, ६ बाहेर. मूळ पाच मात्रांवर किंचित वजन, मधले ठोके अगदी मऊ. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या भागाचे बोल वेगळे ठेवा, म्हणजे पडद्याकडे न पाहता डोळे मिटून बसता येतं. गॅट बेरय या उडरट ढोलाच्या 'तत्, जित्, तों, नं' या चार मूळ अक्षरांपैकी बाहेरच्या भागाची सुरुवात 'तों'ने करून पाहा. तो खोल आणि मोकळा बोल आहे, त्यावर श्वास सोडावासा वाटतो.

सेन्सर: हृदयाचा बाजूला ठेवा

बोटावरचा मॅक्स३०१०२ सारखा प्रकाशीय सेन्सर स्वस्त आहे आणि प्रयोगशाळेत छान चालतो. पण हृदयगतीतला चढउतार, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतरांत किती फरक पडतो हे सांगणारं आरएमएसएसडीसारखं माप, निदान ३० ते ६० सेकंदांच्या नोंदीतून काढावं लागतं. वारंवारतेवर आधारित मापांना ५ मिनिटं लागतात. एवढ्या उशिरा मिळणाऱ्या आकड्याने संगीत हलवलं तर वापरकर्त्याला आपण काय केलं आणि काय बदललं याचा संबंधच लागत नाही. तो घटक परस्परसंवादी राहत नाही.

त्यात व्यवहारातल्या अडचणी आहेत. एसीच्या खोलीत बोटं गार पडली की संकेत क्षीण होतो. बोट जोरात दाबलं तर रक्तप्रवाहच अडतो आणि लाट सपाट होते. बोट हललं की खोटे ठोके दिसतात. नमुने सेकंदाला १०० घेतले तर दोन ठोक्यांमधलं अंतर १० मिलिसेकंदांच्या पायरीवर मिळतं. शिखराची जागा गणिताने अधिक नेमकी काढल्याशिवाय आरएमएसएसडी भरवशाचं नसतं. हृदयगती नोंदवायचीच असेल तर पोलार एच१० सारखा छातीचा पट्टा घ्या. तो ब्लूटूथवरून ठोक्यांमधली अंतरं थेट देतो, पण ती सेकंदाच्या १०२४व्या भागात असतात. मिलिसेकंद समजून वापरली तर सगळे आकडे सुमारे अडीच टक्क्यांनी चुकतात आणि ते सहज लक्षात येत नाही. शेजारच्या ठोक्यांच्या मध्यकापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वेगळं अंतर आलं तर ते वगळा. ही सगळी नोंद सत्र संपल्यावर पाहण्यासाठी. संगीत चालवण्यासाठी नाही.

त्वचेच्या वाहकतेचा सेन्सर कोलंबोत तर वापरूच नका. दमट हवेत तळहात आधीच ओलसर, एसीत शिरल्यावर कोरडा. आकड्यातला बदल ताणाचा की हवेचा हे ओळखणं कठीण होतं.

श्वासासाठी सर्वात साधा सेन्सर फोनच आहे. वापरकर्त्याला पाठीवर झोपवा आणि फोन पोटावर, बेंबीच्या थोडा वर ठेवा. श्वासासोबत फोनचा कोन किंचित बदलतो आणि आतला त्वरणमापक तो पकडतो. सेकंदाला ५० नमुने पुरेत. त्यावर ०.५ हर्ट्झचा लो-पास फिल्टर, म्हणजे त्याहून वेगवान बदल गाळणारं गणित, लावा. मिनिटाला ३० श्वासांपर्यंतचं सगळं त्यातून निघतं आणि हृदयाच्या ठोक्याची थरथर गळते. उताराची दिशा बदलली की श्वास उलटला असं धरा, पण त्यासाठी एक किमान उंबरठा ठेवा आणि अर्धा श्वास १ सेकंदापेक्षा कमी असेल तर तो मोजू नका. नाहीतर गिळणं, खोकणं, हसणं हे सगळं श्वास म्हणून नोंदलं जातं. बसून वापरायचं असेल तर ताण मोजणारा रबरी पट्टा बरगड्यांच्या खालच्या बाजूला बांधा. छातीवर वर बांधला तर पोटाने श्वास घेणाऱ्यांचा संकेत फार क्षीण मिळतो.

संगीताने माणसामागून निघावं, मग हळूहळू पुढे व्हावं

बहुतेक ॲप पहिल्या सेकंदापासून ६ श्वासांची गती लादतात. मिनिटाला १५ श्वास घेत आलेल्या माणसाला ते गुदमरल्यासारखं होतं आणि तो मिनिटभरात बंद करतो. पहिले ६ ते ८ श्वास नुसते मोजा आणि ताल त्याच्याच गतीवर ठेवा. मग दर श्वासाला चक्राची लांबी ३ टक्क्यांनी वाढवा. ४ सेकंदांपासून १० सेकंदांपर्यंत जायला सुमारे ३१ श्वास लागतात, म्हणजे जेमतेम साडेतीन मिनिटं. माणसाला बदल जाणवत नाही.

वाटेत ठोक्यांची संख्या बदलावी लागते, ही गोष्ट आयत्या वेळी लक्षात येते. ४ सेकंदांच्या चक्रात १० ठोके भरले तर ते मिनिटाला १५० होतात, नाचायला लागेल इतके. म्हणून सुरुवातीला चक्रात फक्त ५ ठोके, ०.८ सेकंदाच्या अंतराने. चक्र ६.५ सेकंदांवर पोहोचलं की अंतर १.३ सेकंद होतं. तिथे मधले मऊ ठोके आत आणा. ते एकदम आणू नका, ४-५ श्वासांमध्ये शून्यापासून हळूहळू आवाजात आणा. तिथून १० सेकंदांपर्यंत अंतर ०.६५ वरून १ सेकंदावर जातं.

वापरकर्ता मागे राहिला तर काय? सलग ३ श्वास त्याच्या श्वासाची लांबी तालापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी पडली, तर वाढवणं थांबवा आणि त्याच्या लांबीवर परत या. दोनदा असं झालं तर तीच त्याची आजची गती समजा. कोणी ८ श्वासांवर थांबेल, तिथेच राहू द्या. 'ध्येय गाठलं नाही' असा संदेश, लाल रंग, गुण, सलग दिवसांची मोजणी यातलं काहीही ठेवू नका. ताण वाढला की संगीत बेसूर किंवा कर्कश होतं अशी रचना तर मुळीच नको. घाबरलेल्या माणसाला त्याच्या घाबरण्याची शिक्षा मिळते आणि तो आणखी घाबरतो. संकेत वाईट आला तर संगीत फक्त साधं व्हावं: गाणं थांबावं, ठोके राहावेत.

सूचनेत 'दीर्घ श्वास घ्या' असं लिहू नका. संथ श्वास खोलही घेतला तर कर्बवायू प्रमाणाबाहेर बाहेर जातो. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. 'हलका, संथ श्वास' असं सांगा. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणारे, घाबरण्याचे झटके येणारे, हृदयाच्या लयीसाठी औषध घेणारे यांना सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलायला सांगा, आणि थांबवण्याचं बटण प्रत्येक पडद्यावर ठळक ठेवा.

गाण्याची ओळ सोडत्या श्वासावर उतरवणं

या कामातला सर्वात सुंदर भाग हाच आहे. सिंहल लोकगीतांत तालात बांधलेली आघातात्मक आणि मुक्त लयीतली अनाघातात्मक असे दोन प्रकार मानतात. पॅल् कवी दुसऱ्या प्रकारातली. आवाका बहुधा तीन ते पाच स्वरांचा. ओळ वर सुरू होते, खाली उतरते आणि शेवटचा स्वर लांब ओढला जातो. मचाणावर एकटा बसलेला शेतकरी झोप येऊ नये, जनावर जवळ येऊ नये, दूरच्या मचाणावरच्या सोबत्याला आपण जागे आहोत हे कळावं म्हणून ती म्हणतो. जात्यावरच्या ओवीसारखंच आहे हे: काम करता करता, श्वास पुरेल तेवढी ओळ. गायकाची एक ओळ म्हणजे त्याचा एक सोडलेला श्वास. ती ऐकणाऱ्याच्या सोडत्या श्वासावर ठेवली की दोघांचे श्वास जुळतात.

म्हणून ध्वनिमुद्रण मात्रांच्या चौकटीत कापू नका. मुक्त लय चौकटीत बसवली की गाणं मरतं. गायकाच्या श्वासावर कापा. चार ओळींच्या सिवुपदातली प्रत्येक ओळ एक तुकडा. श्वास आत घेण्याच्या काळात गाणं अजिबात नको, फक्त मऊ ठोके. श्वास उलटला की ओळ सुरू. ओळ संपण्याआधी श्वास संपला तर? आणि श्वास उरला, ओळ संपली तर? दुसऱ्यासाठी शेवटचा ओढलेला स्वर लांबवायचा. स्वराच्या स्थिर भागातून ८० ते १२० मिलिसेकंदांचे कण, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, घ्या, चारपदरी एकमेकांवर चढवा, प्रत्येकाची सुरुवात १० ते २० मिलिसेकंदांनी इकडेतिकडे करा. तसं केलं नाही तर स्वर यंत्रासारखा गुणगुणतो. श्वास उलटला की कणांमधून बाहेर पडून मूळ ध्वनिमुद्रणाच्या शेपटावर या, ४० मिलिसेकंदांच्या समशक्ती क्रॉसफेडने, म्हणजे एक आवाज मावळताना दुसरा उगवेल आणि एकूण जोर सारखा राहील असा. पहिल्यासाठी, म्हणजे श्वास लवकर संपला तर, ओळ तोडू नका. ती पूर्ण होऊ द्या आणि पुढचा श्वास गाण्याविना जाऊ द्या. शब्द अर्ध्यावर तुटणं सिंहल कानाला फार खटकतं.

पूर्ण ओळ सॉफ्टवेअरने ताणायचा मोह टाळा. व्यंजनं ताणली गेली की गायक दारू प्यायल्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा गायकाकडून प्रत्येक ओळ तीन गतींत गाऊन घ्या: साधारण ३, ४.५ आणि ६ सेकंदांत. चार ओळी, तीन गती, बारा तुकडे. दुपारभरात होणारं काम आहे.

स्वर सुधारणारं सॉफ्टवेअर पूर्ण बंद. या गाण्यातले स्वर पियानोच्या पट्ट्यांवर बसत नाहीत आणि बसवले की चाल दुसरीच होते. खाली तानपुरा किंवा सर्पिना, म्हणजे पेटी, लावू नका. श्रीलंकेच्या नागर संगीतावर हिंदुस्थानी छाप मोठी आहे. मुंबईहून गेलेल्या पारशी नाटक मंडळींच्या खेळांमधून तिथलं नूर्ती नाट्यसंगीत उभं राहिलं. गायक-संगीतकार अमरदेव लखनौच्या भातखंडे संगीत विद्यापीठात शिकले. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनने कलावंतांची परीक्षा घ्यायला लखनौहून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना बोलावलं, तेव्हा गायक-संगीतकार सुनील शांत यांनी त्या परीक्षेला बसायचं नाकारलं. हिंदुस्थानी छाप हवी की नको हा वाद तिथे अजून जिवंत आहे. तुम्हाला 'जुनं सिंहल गाणं' म्हणून मिळालेली ध्वनिमुद्रिका नूर्तीतली असू शकते. तिला वेगळं सौंदर्य आहे, पण तिच्यात श्वासाएवढी ओळ आणि तीन-चार स्वरांचा आवाका मिळणार नाही.

वापरकर्त्याने स्वतः गुणगुणणं हा आणखी एक चांगला मार्ग आहे. ओळीच्या शेवटच्या स्वराला त्याने 'म्' लावावा. मायक्रोफोनने आवाजाची पातळी मोजावी आणि तो गुणगुणत असेपर्यंत स्वर टिकून राहावा. सुराची अचूकता तपासू नका. इयरफोन सक्तीचे ठेवा, नाहीतर फोन स्वतःचाच आवाज ऐकून स्वर कायमचा धरून ठेवतो.

ध्वनिमुद्रण आणि आवाजाची पातळी

गॅट बेरयचं उजवं तोंड पातळ कातड्याचं, उंच नादाचं. डावं जाड कातड्याचं, खर्जाचं. दोन्हीकडे वेगळा मायक्रोफोन, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मऊ ठोका हवा असेल तर वादकाकडून मऊच वाजवून घ्या. जोरात वाजवलेला ठोका नंतर बारीक केला तरी त्याची टोचणी तशीच राहते. प्रत्येक बोलाच्या चार जोरांच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीचे किमान सहा नमुने घ्या. तोच नमुना परत परत वाजला की पाचव्या ठोक्याला कान ओळखतो.

फोनच्या स्पीकरवर खर्ज जवळपास ऐकूच येत नाही. त्यामुळे डावं तोंड गायब होतं आणि उजव्या तोंडाचे टकटक ठोके तेवढे उरतात, म्हणजे नेमकं उलटं. तपासणी नेहमी साध्या, स्वस्त इयरफोनवर करा. एकूण पातळी उणे २३ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराच्या मापाच्या) आसपास, आणि एकही ठोका आधीच्या ठोक्यापेक्षा एकदम मोठा नको. अचानक चढणारा आवाज दचकवतो. ब्लूटूथमुळे आवाज पाव सेकंदापर्यंत उशिरा येऊ शकतो. श्वासाच्या कामात ते खपतं, बोटाने पडद्यावर ढोल वाजवण्यात खपत नाही. म्हणून पडद्यावरचा ढोल ॲपमध्ये ठेवूच नका.

आणि शांतता लिहून ठेवा. बर्नार्डी यांच्याच गटाच्या २००६ मधल्या प्रयोगात, तुकड्यांच्या मध्ये घातलेल्या २ मिनिटांच्या विरामात हृदयगती आणि रक्तदाब सुरुवातीच्या विश्रांतीपेक्षाही खाली आले होते. १० मिनिटांच्या सत्राची शेवटची २ मिनिटं कोरी सोडा. अनेक जण ती जागा 'रिकामी दिसते' म्हणून भरतात, भरू नका.

खोलीसाठी: बंकु रबान

कॅम्पसच्या खोलीत मात्र खरा ढोल ठेवा. बंकु रबान म्हणजे ठेंगण्या पायांवर ठेवलेली मोठी रबान. एप्रिलच्या नववर्षाला बायका तिच्याभोवती बसून सगळ्या मिळून वाजवतात. तिच्याशी आनंदाच्याच आठवणी जोडलेल्या आहेत, आणि एकटेपणातून आलेल्या ताणावर सोबतीने वाजवण्यासारखं दुसरं काही नाही.

२७ मिलिमीटरची पिएझो चकती (थाप बसली की वीज देणारी) लाकडी कड्याच्या आतल्या बाजूला लावा, कातड्यावर नाही. कातडं सैल पडलं की रबान निखाऱ्यावर शेकतात. चकती कातड्यावर असेल तर गोंद वितळतो, टाका सुटतो. चकतीला समांतर १ मेगाओहमचा रोधक आणि ३.३ व्होल्टचा झेनर डायोड जोडा. जोरात थाप पडली की चकती त्याहून खूप जास्त व्होल्ट देते आणि बोर्ड जळतो. ईएसपी३२ हा नियंत्रक बोर्ड वापरत असाल तर वायफाय चालू असताना त्याचा दुसरा एडीसी, म्हणजे व्होल्टचे आकडे करणारा भाग, चालत नाही, म्हणून ३२ ते ३९ मधलीच पिन घ्या. एका थापेनंतर ४० मिलिसेकंद दुसरी थाप मोजू नका. दमट दिवशी थापेचा जोर कमी उमटतो, तेव्हा उंबरठा रोज सकाळी दहा थापा मारून नव्याने ठरवा.

यंत्राने काय करावं? फारच थोडं. थापांची सरासरी गती पाहावी आणि भिंतीवरचा प्रकाश किंवा खालचा एक मऊ ठोका तिच्यापेक्षा २-३ टक्क्यांनी संथ ठेवावा. चार-सहा जण मिळून आपसूक हळू होतात. कोण चुकलं हे दाखवायचं नाही.

हक्क आणि परवानग्या

लोकगीत म्हणजे फुकटचा माल नव्हे. श्रीलंकेच्या २००३ च्या बौद्धिक संपदा कायद्यात लोकपरंपरेच्या आविष्कारांना संरक्षण आहे. व्यापारी वापरासाठी परवानगीची वाट धरावी लागते. वादक-गायकांशी लेखी करार करा आणि त्यात 'माझा आवाज तुकडे करून, लांबवून वापरला जाईल' हे सिंहलमध्ये स्पष्ट लिहा. ते त्यांना करून दाखवा, ऐकवा, मगच सही घ्या. श्वास आणि हृदयाच्या नोंदी आरोग्याची माहिती ठरतात. २०२२ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखाली त्यांची जबाबदारी मोठी आहे, म्हणून सगळी गणितं फोनवरच करा आणि काहीही सर्व्हरवर पाठवू नका.

उपयोग झाला हे कसं कळणार

इथे जवळजवळ प्रत्येक प्रकल्प अडकतो. हृदयगतीतला चढउतार वाढला म्हणून ताण घटला असं लिहिलं जातं. पण श्वास संथ केला की तो चढउतार आपोआप वाढतो, माणूस मनातून कितीही बेचैन असला तरी. म्हणून सत्रातली हृदयाची नोंद पुरावा म्हणून वापरू नका. आधी ५ मिनिटं आणि नंतर ५ मिनिटं, नेहमीच्या श्वासावर, शांत बसवून घेतलेल्या नोंदींची तुलना करा.

प्रत्येकाला तीन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी द्या: श्वासाला प्रतिसाद देणारं संगीत, तेच संगीत प्रतिसादाविना, आणि नुसती शांतता. क्रम सहा प्रकारे लागतो, म्हणून सहभागींची संख्या सहाच्या पटीत ठेवा आणि सहाही क्रम सारखे वाटा. चहा-कॉफी दोन तास आधी बंद, वेळ दिवसाची तीच. प्रश्नावली त्या क्षणाच्या चिंतेची घ्या, स्टाय या मापाची सहा प्रश्नांची छोटी आवृत्ती पुरते. बरेच विद्यार्थी ताणाची जी नेहमीची प्रश्नावली वापरतात ती गेल्या महिन्याबद्दल विचारते. १० मिनिटांच्या सत्राने गेला महिना बदलत नाही. सिंहल आणि तमिळ अनुवाद स्वतः करू नका, तपासून घेतलेले वापरा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत फरक पडला, पण पहिल्या आणि दुसऱ्यात पडला नाही, तर सेन्सर आणि सगळी जोडणी काढून टाका आणि नीट बांधलेलं १० मिनिटांचं ध्वनिमुद्रण द्या. ते जुन्या फोनवरही वाजेल, बॅटरी खाणार नाही, आणि गायकाच्या मूळ ओळी न कापता जशाच्या तशा राहतील.